मदत हवी आहे: माल खपतोय, पण पैसा हातात राहत नाही

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरला आमचं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं घरगुती युनिट आहे. बायको आणि वहिनी आतलं सांभाळतात, बाहेरचं मी बघतो. ऑर्डरी वाढल्यात, तरी महिनाअखेरीला शेंगदाणेवाल्याची पट्टी भागवताना नाकी नऊ येतात.

शेंगदाणा, ज्वारी, गॅस सगळं रोखीत. थापणाऱ्या बायकांची मजुरी दर शनिवारी. आणि पुण्यातले दुकानदार पैसे देणार माल खपल्यावर, तेही दोन-अडीच महिन्यांनी. वर तुटलेली भाकरी परत. चटणीचं तेल पाकिटाच्या सीलमधून झिरपून लेबल ओलं झालं की तेही परत. म्हणजे विक्री जितकी वाढते तितकं भांडवल जास्त अडकतं! सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या यात्रेत, स्टॉल लावला की सगळं रोख, पण गड्डा जानेवारीतच.

जो तो म्हणतो, जाहिरात वाढवा. मला नाही पटत. धंद्याची रचनाच अशी असेल तर जाहिरातीने खड्डा मोठाच होणार ना?

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, हे माहीत आहे. पण कायदा दाखवला की दुकानदार दुसऱ्याचा माल ठेवतो.

भाकरी सोलापुरातच विकून फक्त चटणी आगाऊ पैसे घेऊन थेट गिऱ्हाइकाला कुरिअरने पाठवावी का? की दुसऱ्याच्या ब्रँडला माल करून द्यावा? कोणी केलं असेल तर कुरिअर आणि बरणीचा खर्च जाऊन किलोमागे काय सुटतं, तेवढं सांगा.