चरित्र अभिनेता, पोषक नट की आणखी काही?

टिळकवाडीकर: स्मरणिकेसाठी जुन्या सिनेमातले नट बाबुराव पेंढारकर यांच्यावरच्या कन्नड टिपणाचं मराठी करतोय. त्यात 'पोषक नट' आहे, म्हणजे नायक सोडून इतर भूमिका करणारा. मी 'चरित्र अभिनेता' केलं. प्रूफं बघणाऱ्या सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं, 'कुणाचं चरित्र?' आज रात्री छपाईला जायचंय. काय करू?

खानापुरी: 'पोषक' तेवढं ठेवू नका. नट आहे की नाचणीचं सत्त्व! पोरीच्या शाळेतून 'पोषकर सभे'ची चिठ्ठी येते, ती आईबापांच्या सभेची.

शहापूरच्या काकू: सरांचं बरोबर आहे. इंग्रजी 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'मधल्या 'कॅरेक्टर'चं चरित्र हिंदीवाल्यांनी केलं, आपण डोळे मिटून उचललं. इथल्या कन्नड माणसाला 'चरित्रे' म्हणजे इतिहास, त्याला वाटेल ऐतिहासिक सिनेमातला नट. सरळ 'सहायक अभिनेता' लिहा.

निपाणकर: सहायक कसला? 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती आणि पेंढारकर गंगानाथ. आमचे आजोबा राजाचं नावही काढत नसत. पानाला चुना लावता लावता म्हणायचे, "गंगानाथानं काम केलंय!" कंपनी नाटकात कसं सोपं होतं: राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट. कन्नड कंपन्याही 'राजापार्ट'च म्हणायच्या. खलपार्ट लिहा.

शहापूरच्या काकू: वा! 'पार्ट' चालतो आणि 'सहायक' टोचतो?

टिळकवाडीकर: खलपार्टात मावत नाहीत हो. 1954 ला अत्र्यांच्या 'महात्मा फुले'त स्वतः जोतिराव तेच, आणि 1957 ला 'दो आँखें बारह हाथ'मध्ये तुरुंगाचे साहेब.

निपाणकर: मग जोतिराव करताना चरित्र अभिनेतेच की, शब्दशः! आत्मचरित्राचं नावसुद्धा 'चित्र आणि चरित्र'. सरांना सांगा कुणाचं ते.

खानापुरी: मूकपटाच्या वेळी कुठलं चरित्र नि कुठलं काय. बाबुराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त (1920) बाळासाहेब यादव भीम, झुंजारराव पवार कीचक. बोलायचं नाही, म्हणजे अंगापिंडानंच सगळं सांगायचं. आमची आज्जी सिनेमातल्या माणसालाही 'सोंग' म्हणायची. "भीमाचं सोंग बरं आणलंय." ह्याच्यापुढं अभिनेता-बिभिनेता फिकं. आणि 'सोंग' आलंय कन्नड 'सोगु'वरून.

शहापूरच्या काकू: काहीतरीच! स्वांग, त्याचं सोंग. स्व अधिक अंग.

खानापुरी: स्वतःचं अंग म्हणजे सोंग? सोंगात तर दुसऱ्याचं अंग घेतात, काकू.

निपाणकर: हा मुद्दा मात्र बिनतोड.

शहापूरच्या काकू: कसला बिनतोड? सोगु इकडूनच तिकडं गेला असेल. सीमाभागात सगळंच कन्नडवरून आलं म्हणायची फॅशन झालीय.

टिळकवाडीकर: मंडळी, प्रेसवाल्याचा दुसरा फोन येऊन गेला.

शहापूरच्या काकू: थांबायला सांगा त्याला. खानापुरी, तुमच्याकडे दशावतारात काय म्हणतात? सोंगच ना?