खेळाडू आणि प्रशिक्षक : पी. के. बॅनर्जी

मोठा खेळाडू क्वचितच चांगला प्रशिक्षक होतो, हे मत फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या बाबतीत टिकत नाही, असे मला ठामपणे वाटते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ अशा बरोबरीतला आपला गोल त्यांचाच होता. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक मिळाले, त्या अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला.

विशेष म्हणजे कोलकात्यात ते मोहन बागान वा ईस्ट बंगाल या मोठ्या क्लबांकडून न खेळता आधी आर्यन आणि मग ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, आणि १९५८ साली ईस्टर्न रेल्वेनेच कलकत्ता लीग जिंकली. पुढे मात्र या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्यांच्याकडेच संघ सोपवला. त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने १९७५ च्या आयएफए शिल्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० ने हरवले; दोनच वर्षांनी ते मोहन बागानचे प्रशिक्षक असताना ईडन गार्डन्सवर पेलेंच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे रोखण्यात आले.

सामन्यापूर्वी खेळाडूंना पेटवणाऱ्या त्यांच्या भाषणांचे, त्या प्रसिद्ध ‘व्होकल टॉनिक’चे, कौतुक योग्यच आहे, परंतु सगळे श्रेय त्यालाच देणे मला अन्यायकारक वाटते. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या बहुचर्चित ‘डायमंड’ रचनेला (मैदानावर खेळाडूंची हिऱ्याच्या आकारातली मांडणी) बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने ४-१ असे उत्तर दिले आणि बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली. असा विजय केवळ भाषणाने मिळत नाही.