नवा मॉडेम लावला आणि स्पीड पडला: आधी घर तपासायचं की कंपनीला धरायचं?

खटपट्या

मॉडेम बदलला, प्लॅन तोच, आणि स्पीड आधीपेक्षा कमी. अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन कंपनीला लावतात. माझं मत उलटं आहे. फोन सगळ्यात शेवटी करावा. आपल्याला वाटतं की एक डबा गेला आणि दुसरा आला. प्रत्यक्षात वायफायचं नाव, चॅनल, सुरक्षेची पद्धत, लॅनची वायर कुठल्या पोर्टात गेली, डबा कुठे ठेवला, हे सगळं एका फटक्यात बदललेलं असतं. आणि यातलं बरंचसं कंपनीला तिथे बसून दिसत नाही.

पहिली चाचणी एकच करा. लॅपटॉपचं वायफाय बंद, वायर थेट मॉडेमला, घरातली बाकीची उपकरणं तेवढ्यापुरती बंद, मग स्पीड टेस्ट. आकडा प्लॅनइतका आला तर कंपनी सुटली, दोष त्यानंतरच्या घरातल्या जोडण्यांत आहे. आकडा ९४-९५ ला अडला आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल, तर मधे कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे असं समजा. १०० च्या इथरनेटवर हेडरचा (प्रत्येक पॅकेटला चिकटलेल्या पत्त्याबित्त्याचा) वाटा वजा जाता हातात तेवढंच पडतं. लाइन खराब असली तर आकडा सहसा वरखाली होतो, दर वेळी नेमका तिथेच येऊन थांबत नाही.

आणि मेगाबिट-मेगाबाइटचा घोळ तेवढा आधी मिटवा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड होताना सेकंदाला १२.५ एमबीच्या वर आकडा जाणारच नाही. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ती तक्रार नव्हे, आठने केलेला भागाकार आहे.

तिरकस

पूर्ण असहमत. पैसे भरणाऱ्याने आधी स्वतः लाइनमन व्हायचं, आणि मग पुराव्यानिशी दरबारात हजर व्हायचं? अहो, नव्याचे नऊ दिवस तरी सुखाने मिळू द्या की.

आता तांत्रिक बोलू. केबलच्या जोडणीत मॉडेमला वेग मिळतो तो कंपनीकडच्या नोंदीवरून. मॉडेम सुरू झाला की त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) ओळखून त्याला एक कॉन्फिगरेशन फाइल पाठवली जाते आणि वेगाची मर्यादा त्या फाइलीत असते. नवा मॉडेम चुकून जुन्या, छोट्या प्लॅनवर नोंदला गेला तर तुम्ही घरातल्या सगळ्या वायरी सोन्याच्या केल्यात तरी काही होणार नाही. फायबरवालं तर आणखी सोपं. घरातल्या ओएनटीला (फायबरच्या डब्याला) प्रकाश किती पोचतो हे त्यांना त्यांच्या खुर्चीवरून दिसतं. जीपॉन या नेहमीच्या घरगुती फायबर जोडणीत तो आकडा उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास गेला की काम संपलं. नवा डबा भिंतीला ठोकताना फायबर काटकोनात दुमडली की नेमकं हेच होतं. हिरव्या टोकाच्या जागी निळ्या टोकाची वायर घुसवली तरी प्रकाश वाया जातो. हे गृहिणीने किंवा आजोबांनी ओळखायचं?

एका फोनमध्ये समजणाऱ्या गोष्टीसाठी रविवार घालवू नका.

खटपट्या

@तिरकस, एका फोनमध्ये? तुम्ही कुठल्या ग्रहावरून फोन लावता? पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "रिस्टार्ट केलात का?" दुसरा, "वायफायवर टेस्ट केलीत की वायरवर?" दुसऱ्याचं उत्तर "वायफायवर" असलं की तक्रार तिथेच बंद. मी सांगितलेली चाचणी केलेली असेल तर तुमचा नोंदीचा मुद्दाही त्यातच उघडा पडतो. थेट वायरवर ३०० च्या जागी पन्नासच येतायत, नोंद तपासा, असं म्हटलं की त्यांना पाठ केलेला कागद बाजूला ठेवावा लागतो.

आणि गृहिणी हा शब्द मधे कशाला? आमच्या घरी राउटरचा पासवर्ड आईलाच पाठ आहे.

बिनतारी

तुम्ही दोघं वायरीवरून भांडताय. जग वायफायवर चालतं.

नव्या मॉडेमने केलेला सगळ्यात मोठा घात म्हणजे दोन्ही बँडना (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांना) एकच नाव. जुन्या डब्यावर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झची नावं वेगळी दिसायची, माणूस बरोबर निवडायचा. नव्यावर निवड फोन करतो. गंमत बघा. ५ चे काही चॅनल रडारही वापरतात, म्हणून राउटरला तिथे प्रसारण सुरू करण्याआधी किमान मिनिटभर कान देऊन बसावं लागतं. वीज जाऊन आली की २.४ लगेच जागा होतो आणि फोन तिथे जाऊन बसतो. मिनिटभराने ५ येतो, पण बरेच फोन हलत नाहीत. २.४ वर २० मेगाहर्ट्‌झचा चॅनल आणि दोन अँटेनांचा फोन असेल तर कागदावर १४४ मेगाबिट, आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास. वर त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारीपाजारी सगळे त्याच तिघांत.

दुसरं म्हणजे, जुन्या मॉडेमची सेटिंग्ज जशीच्या तशी नव्यावर उतरवू नका. कुठल्या तरी म्हाताऱ्या प्रिंटरसाठी सुरक्षा टीकेआयपी या जुन्या कूटपद्धतीवर ठेवलेली असते. वायफाय ४ पासूनच्या मानकांत टीकेआयपीवर वरचे वेग देण्याची परवानगीच नाही, जोडणी ५४ वर येऊन थांबते आणि प्रत्यक्षात विसेक मिळतात. नवाकोरा वायफाय ६ चा डबा, आणि चाल वीस वर्षांपूर्वीची. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा, प्रिंटरला वेगळं गेस्ट नेटवर्क द्या.

अवांतर: मॉडेमच्या पाठीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून एकदा टेस्ट घ्या. यूएसबी ३ चा गोंगाट बरोबर २.४ च्या पट्ट्यात पडतो.

आठ_पदरी

वायरीवरून भांडणं वाया जात नाहीत हो. ९४ चा मुद्दा खटपट्यांनी बरोबर मांडला, पण अर्ध्यात सोडला.

१०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी क्रिम्प करताना (टोक दाबून बसवताना) नीट बसली नसेल तर जोडणी तुटत नाही, मुकाट्याने १०० वर उतरते. दिवा लागतो, नेट चालतं, कुणाला संशय येत नाही. पारदर्शक टोक उजेडात धरून आडवं बघा. आठही तारांची तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिली असेल तर चोर सापडला. बऱ्याच पोर्टांवर १०० ला एका रंगाचा आणि १००० ला दुसऱ्या रंगाचा दिवा असतो, तोही बघा. जुन्या मॉडेमचा पोर्टच १०० चा असेल तर ही मोडकी तार वर्षानुवर्षं लपून राहते.

फक्त यावर उपाय म्हणून महागातली कॅट ८ वायर आणू नका. धड बसवलेली कॅट ५ई गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते.

सांजवेळ

माझ्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल आहे, आणि तिथे "आधी घरी खटपट करा" हा सल्ला चक्क नुकसान करतो. माणूस काय करतो? मॉडेम बंद-चालू, बंद-चालू, संध्याकाळभर. पलीकडे लाइनवर नजर ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा असली तर ती समजते, लाइन अस्थिर आहे. मग ती गोंगाटासाठी राखलेलं अंतर वाढवते. नेहमी ६ डेसिबल असतं तिथे ९ किंवा १२. तेवढ्याने वेग खाली येतो आणि आपोआप वर चढायला दिवसच्या दिवस लागतात. खटपट करणारा म्हणतो, नवा मॉडेमच वाईट.

डीएसएलवाल्यांनी मॉडेमच्या पानावर सिंक रेट (मॉडेम आणि कंपनी यांच्यात ठरलेला लाइनचा वेग) वाचावा. तोच कमी असेल तर वायफाय, चॅनल, टीकेआयपी या सगळ्याचा काही संबंध नाही. फोनच्या खोक्याआधीचा फिल्टर तपासा, मॉडेम मुख्य सॉकेटला लावून बघा, एवढं केल्यावर हात जोडून बसा आणि कंपनीला प्रोफाइल रीसेट करायला सांगा. ते बटण त्यांच्याकडेच असतं.

तिरकस

सांजवेळ, धन्यवाद. खटपट्यांनी हा प्रतिसाद दोनदा वाचावा.

हेमांगी

जुना मॉडेम परत लावून बघितला तर उलगडा नाही का होणार? इतकं साधं कुणी कसं सुचवलं नाही?

आठ_पदरी

ताई, डीएसएलवर जमेल. केबल आणि फायबरवर नवा नोंदवताना जुना बहुधा रद्द केलेला असतो, मग तो नुसते दिवे लुकलुकवत बसतो. तरी जुना लगेच परत करू नका.

मंद_प्रवाह

सगळे आकड्यामागे लागलेत म्हणून सांगतो: स्पीड टेस्टचा आकडा हा मुळात चुकीचा निकष आहे. घरात कुणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की व्हिडिओ कॉल गोठतो ना, तो "स्लो नेट" चा खरा अनुभव. मॉडेममधला बफर मोठा, त्यात पॅकेटांची रांग लागते, आणि प्रत्येक पॅकेट रांगेत ताटकळतं. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याला बफरब्लोट नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही रांग लांबू न देणारी पद्धत मांडली, ती आज अनेक राउटरांत एसक्यूएम या नावाखाली मिळते. अपलोड चालू असताना पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून ठेवा. रिकाम्या लाइनवरचे १५ मिलिसेकंद तिनशेवर गेले तर दुखणं हेच. एसक्यूएम चालू करा, मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. दहा टक्के गमवाल, घर शांत होईल.

खटपट्या

नवख्यांना हे सांगू नका, हात जोडतो. मॉडेम बदलल्यावर स्पीड पडण्याच्या कारणांत क्यूओएस (कुणाला किती वेग हे ठरवणारी सेटिंग, एसक्यूएम त्यातलंच) स्वतःच वरच्या नंबरात आहे! जुन्या बॅकअपमधून ५० च्या प्लॅनसाठी घातलेली ४५ ची मर्यादा नव्या ३०० च्या लाइनवर येऊन बसते आणि कुणाला आठवतही नाही. शिवाय क्यूओएस चालू केलं की बऱ्याच राउटरांत हार्डवेअरचा जवळचा रस्ता बंद होतो, प्रत्येक पॅकेट प्रोसेसरमधून जातं. लाइन पीपीपीओई (नाव-पासवर्ड घालून जोडली जाणारी) असेल तर बिचाऱ्याला अजून एक ओझं. स्वस्तातला प्रोसेसर तिथेच बसतो.

मंद_प्रवाह

म्हणजे प्रोसेसर कमजोर आहे म्हणून पद्धत वाईट? ४५ ची मर्यादा विसरणं हा विसरणाऱ्याचा दोष. माझ्या घरी ३०० पैकी २७० वर बांधून ठेवलंय, मुलं गेम खेळत असताना मी मीटिंग करतो. तुमच्या घरी पूर्ण ३०० येतात आणि मीटिंगमध्ये तुमचं तोंड उघडं राहून गोठतं.

खटपट्या

तोंड गोठलं की निदान बॉसला कळतं की मी कामावर होतो. पण क्रम ऐका. आधी क्यूओएस पूर्ण बंद करून खरा वेग मोजा. मग हवं तर चालू करा. न मोजता ९० टक्के कशाचे काढणार?

मंद_प्रवाह

क्रम मान्य. बाकी नाही.

बिनतारी

अजून एक गैरसमज दिसतो म्हणून लिहितो. कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो, त्यामागे लोक आपला राउटर लावतात आणि मग डबल नॅटमुळे (दोन राउटरांनी एकामागोमाग पत्ते बदलल्यामुळे) स्पीड गेला म्हणतात. डबल नॅटने गेम, घरचा कॅमेरा, पोर्ट उघडणं यांचे वांधे होतात, वेग सहसा फारसा जात नाही. वेग जातो तो दोन्ही डबे हातभर अंतरावर एकाच चॅनलवर ओरडत असतात म्हणून. कंपनीचा ब्रिज मोडला टाका (राउटरचं काम बंद, नुसता मॉडेम), तसं होत नसेल तर निदान त्याचं वायफाय बंद करा.

तिरकस

आणि ब्रिज मोड कुठल्या पानावर असतो? त्या पानाचा पासवर्ड कंपनी देत नाही. माझ्याकडे आलेल्या डब्यात ग्राहकाला फक्त वायफायचं नाव बदलता येतं. घरचं घरी तपासा म्हणणाऱ्यांनी आधी त्या कुलपाची किल्ली मागावी. नाहीतर दोष शोधायचा ग्राहकाने आणि दुरुस्त करायचा अधिकार मात्र दुसऱ्याचा.

खटपट्या

किल्लीबाबत शंभर टक्के सहमत. मी फक्त एवढंच म्हणतो की माणूस घरी आला की त्याला त्याच्या मोबाइलवर वायफायची टेस्ट दाखवून पळू देऊ नका. थेट मॉडेमला वायर लावून आकडा घ्यायला लावा, तो तक्रार क्रमांकाशेजारी लिहा, आणि तोवर तक्रार बंद झाल्याचा ओटीपी देऊ नका.

तिरकस

मंजूर. पण लॅपटॉप त्यांनी आणायचा. आजकाल निम्म्या लॅपटॉपांना लॅनचं भोकच नसतं.

आठ_पदरी

यूएसबीचा अडॅप्टर चालतो. फक्त त्यावर गिगाबिट लिहिलंय ना ते बघून घ्या, आणि यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. स्वस्तातले बरेचसे १०० चेच असतात, पुन्हा ९४ दाखवतील आणि तुम्ही पुन्हा मॉडेमला शिव्या घालाल.