"टोटल काउंट तर उत्तम आहे!" : सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ

शुभदाताई (बी-५०२): आप्पांकडे काल पुन्हा सात-आठ जण ठाण मांडून होते. त्यातले दोघे खोकत होते. मागे सांगून झालं, फलकावर लावून झालं. आता दारात उभं राहायचं का?

विनायकराव (ए-२०१): ताई, माणसं आपुलकीनं जातात. मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपलं, आता ताकद भरून येणारच. पांढऱ्या पेशी ९८०० आहेत, आप्पाच सांगत होते.

डॉक्टरकाका (सी-१०१): टोटल पाहू नका. लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूंशी आणि गाठीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती टक्के ते बघा. समजा ६ टक्के असतील, तर ९८०० पैकी ५८८ झाल्या. मोठ्या माणसात निदान १००० हव्यात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सुटून रक्तात येतात. टोटल फुगतो, रिपोर्ट देखणा दिसतो.

सेक्रेटरी: कुणाचेही रिपोर्ट ग्रुपवर चर्चेला घेऊ नयेत ही नम्र विनंती 🙏

डॉक्टरकाका: ९८०० मी आणले नाहीत.

विनायकराव: बरं बाबा, चुकलं. पण रेडिएशन डोक्याला दिलं ना? अख्ख्या अंगाच्या पेशी कशा कमी होतील?

निखिल (ए-३०३): काका, रक्त फिरतं असतं. ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे आप्पांच्या या मेंदूच्या कर्करोगात, नेहमीचा डोस ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), ३० सत्रांत, सहा आठवडे. प्रत्येक सत्रात त्या भागातून जाणाऱ्या रक्तावर थोडा मारा होतोच. २०१३ मधल्या एका गणिती अभ्यासात एका सत्रात साधारण ५ टक्के रक्ताला अर्धा ग्रे मिळतो असं निघालं. तीस सत्रांनंतर हाच आकडा ९९ टक्के. लिम्फोसाइट इतक्या नाजूक की एवढंही त्यांना पुरतं. त्यावर रोजची टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, आणि वर स्टेरॉइड.

पाटील (बी-१०४): पांढरी गाडी कुणाची आहे? माझ्यामागे लावलीय. तिसऱ्यांदा विचारतोय.

निखिल: २०११ च्या अमेरिकन अभ्यासात उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी सुमारे ४० टक्के रुग्णांच्या सीडी-४ पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) २०० च्या खाली होत्या. ते रुग्ण कमी जगले. आणि बहुतेकांना संसर्गानं नाही, गाठ पुन्हा वाढून मृत्यू आला. प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त सर्दी-खोकला नव्हे, एवढंच म्हणायचंय.

विनायकराव: म्हणजे उपचारानंच घात केला की! मी तेव्हाच म्हणत होतो.

निखिल: नाही हो. उपचार न घेतलेल्यांतही हे दिसतं. ड्यूक विद्यापीठाच्या २०१८ च्या कामात टी-पेशी (याही लिम्फोसाइटच) अस्थिमज्जेत अडकून पडलेल्या सापडल्या. बाहेर पडायला पेशीच्या पृष्ठभागावर एस१पी१ नावाचा रिसेप्टर लागतो, तोच नाहीसा झालेला. म्हणजे साठा आधीच अडवलेला, त्यावर उपचारांचा घाव.

मानसी (सी-३०२): थोडक्यात बी विंगचं बेसमेंट. गाड्या आहेत, पण बाहेर काढता येत नाहीत 😄

पाटील: विनोद झाला असेल तर गाडी काढा.

निखिल: 😀 आणि ज्या पेशी गाठीपर्यंत पोचतात त्यांनाही तिथे काम करू दिलं जात नाही. गाठ टीजीएफ-बीटा हे प्रतिकारशक्ती दाबणारं प्रथिन सोडते, टी-पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक दाबणारं पीडी-एल१ दाखवते. गाठीतला मोठा हिस्सा मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या भक्षक पेशींचा असतो. त्या लढायच्या सोडून गाठीचीच बाजू घेतात. रेडिएशननंतर अशा पेशींची नवी फौज आत शिरते. म्हणून नुसता पीडी-१ चा ब्रेक काढून भागत नाही. उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमात हा ब्रेक काढणाऱ्या निवोलुमॅबची बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधाशी तुलना झाली, आयुष्य वाढलं नाही.

विनायकराव: *फॉरवर्ड केलेला मेसेज: या पावडरीनं ७ दिवसांत इम्युनिटी दुप्पट…*

स्मिता, फार्मसी (ए-५०१): विनायककाका, हे कृपा करून आप्पांना पाठवू नका. टेमोझोलोमाइडनं मुळात यकृताला इजा होऊ शकते. त्यात अशी पावडर घातली आणि एन्झाइम वाढले, तर दोष कुणाचा ते कळत नाही आणि केमो थांबते. काउंट वाढवायचं जी-सीएसएफ इंजेक्शनही न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट नाही.

डॉक्टरकाका: पुन्हा सांगतो, टोटल पाहू नका.

मानसी: काका, पाठ झालं.

शुभदाताई: मूळ मुद्द्यावर या. भीती न्यूमोसिस्टिस या बुरशीनं होणाऱ्या न्यूमोनियाची असते. म्हणून रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड एकत्र चालू असताना को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा गटातलं औषध देतात. बऱ्याच ठिकाणी ८००/१६० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून तीनदा. रेडिएशन संपलं म्हणून घरचे ती परस्पर बंद करतात. लिम्फोसाइट वर येईपर्यंत ती चालू ठेवायची असते, थांबवायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

स्मिता: अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायचं. सल्फा चालत नसेल तर इतर औषधं आहेत. डॅप्सोन द्यायचं तर आधी रक्तातलं जी-६-पीडी हे एन्झाइम तपासतात.

शुभदाताई: आणि थर्मामीटरवर विसंबू नका, स्टेरॉइड ताप झाकतं. कोरडा खोकला, चालल्यावर धाप, बसल्यावर ९६ असलेला ऑक्सिजन खोलीत दोन फेऱ्या मारल्यावर ९० वर उतरला, की फोन. हे बऱ्याचदा स्टेरॉइड कमी करत आणताना उमटतं. तरी घाबरून डोस परस्पर वाढवू नये, एकदम तोडू तर मुळीच नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असते, रक्तदाब कोसळतो.

सेक्रेटरी: नोटीस लावतो. मजकूर: एका वेळी दोघेच, मास्क लावून, सर्दी-खोकला असल्यास येऊ नये. चालेल?

शुभदाताई: चालेल. भेटणाऱ्यांनी फ्लूची लस घेतलेली बरी. आप्पांनाही मृत विषाणूची चालते, जिवंत विषाणूची नाही.

विनायकराव: मेसेज डिलीट केलाय. मला ज्ञान देण्यात सगळे पुढे असतात. पुढची तपासणी कधी ते तरी सांगा.

डॉक्टरकाका: रागावू नका. आता पाच दिवस टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, एकूण २८ दिवसांचं चक्र. २२ व्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि पुढचं चक्र सुरू करण्याआधी न्यूट्रोफिल १५००, प्लेटलेट एक लाख हव्यात. लिम्फोसाइटची अट त्यात नाही, म्हणून त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही आप्पांना ती ओळ पेन्सिलनं अधोरेखित करून द्या.