शागुतीवाल्याने रॉ व्हीगन व्हावं का?

उकडे तांदूळ (फोंडा)

ज्याचा रविवार शागुती (वाटपाचा मसालेदार मटण-कोंबडीचा रस्सा) आणि वड्यांशिवाय उजाडत नाही आणि ताप आला की ज्याला उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडाच लागतो, अशा माणसाने रॉ व्हीगन आहार घ्यावा का? मी घेऊन पाहिला. माझं मत: व्हीगन खुशाल व्हा, रॉच्या नादी लागू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: व्हीगन म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध-तूप, मध सगळं बंद. रॉ म्हणजे त्यावर साधारण ४५ ते ४८ अंश सेल्सिअसपलीकडे काहीही तापवायचं नाही. म्हणजे भात गेला, डाळ गेली, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव गेला, चहासुद्धा गेला.

मासळी सोडणं मला जड गेलं नाही. श्रावणात आमच्याकडे ती तशीही बंद असते आणि त्या दिवसांत खतखतं (मिश्र भाज्यांचं), मुगागाठी (मोडाच्या मुगांची रस्साभाजी), अळसांद्यांचं तोणाक (चवळीचा रस्सा) ताटात असलं की तिची आठवण कुणाला होते? या तिन्हींत दुधाचा थेंब नाही. सगळा दाटपणा नारळाच्या वाटपाचा. चमचमीत खाणाऱ्याला व्हीगन व्हायची सोय आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवलीय. पण चूल विझवली की यातलं काहीच उरत नाही.

भुकेचं म्हणाल तर पोट भरतं, अगदी तडस लागेपर्यंत भरतं. फळं, खोबरं, मोडाचे मूग, किती खाल? कमी पडतो तो ऊनपणा. बाहेर धो धो पाऊस आणि पुढ्यात झुकिनीच्या गारढोण शेवया, वर वाटलेल्या काजूंचा 'सॉस'. हणजूण-आसगावकडच्या कॅफेंत हेच आरोग्य म्हणून विकतात आणि शेवटी काजू, खोबरेल, खजूर यांचा 'चीजकेक' येतो. काजूत १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. एवढं खाऊन डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलला जड म्हणायचं!

तवशी (काणकोण)

तुम्ही कॅफेत जेवलात आणि नावं आहाराला ठेवताय. झुकिनी काय आपल्या परसातली आहे? मी गेली काही वर्षं बहुतांश कच्चंच खाते. एप्रिल-मे मध्ये मानकुराद आंबा, फणसाचे रसाळ गरे, शहाळं. पावसात तवशी, म्हणजे काकड्या. तवशाचं करम (कच्ची कोशिंबीर) घ्या: हिरवी मिरची मिठात बोटांनी चुरडायची, त्यात बिमलाच्या (बिलिंबी या आंबट फळाच्या) चकत्या दाबायच्या, आंबट पाणी सुटलं की तवशाचे बारीक तुकडे आणि ओलं खोबरं. सुटलेलं पाणी टाकायचं नाही, प्यायचं. सोबत आगळाची (कोकमाच्या रसाची) सोलकढी, न तापवलेली. यात गारढोण काय आहे?

ऊन जेवणाची ओढ ही सवय आहे. मलाही होती, गेली. बी-१२ ची गोळी मी घेते. ती कोणत्याही व्हीगनला घ्यावीच लागते, तुमच्या खतखत्यावाल्यालाही.

उकडे तांदूळ

करम, सोलकढी मीही ओरपतो. पण करम पानाच्या कडेला वाढतात आणि सोलकढी भातानंतर येते. त्या मधल्या भाताचं काय?

भाटकार (डिचोली)

एक गंमत सांगतो. दुकानातले 'कच्चे काजू' कच्चे नसतातच. बियांच्या कवचात जे तेल असतं त्याने कातडी सोलून निघते. म्हणून कारखान्यात बिया आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, आणि साल सुटावं म्हणून गर परत भट्टीत सुकवतात. ४८ अंश केव्हाच मागे पडले. तुमचा सगळा रॉ चीजकेक त्या पायावर उभा!

आणि निरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) चालतो पण हुर्राक (त्याचीच भट्टीत गाळलेली दारू) चालत नाही, असला धर्म आम्हाला जमणार नाही. एकाच काजूचा रस, मध्ये फक्त एक भाटी.

तवशी

भाटकारबाब, ओले बिबे, म्हणजे कोवळे काजूगर, विसरलात. म्हापशाच्या बाजारात बायका बोटं काळी करून सोललेले घेऊन बसतात, त्यांना कुठली भट्टी? आणि निरो चालतो एवढं कळलं ना, पुरे.

भाटकार

बिब्यांचं तोणाक करायचं सोडून ते कच्चे चघळणार? देव बरं करो.

मापशेची सून

सगळे खाण्याबद्दल बोलताय, करण्याबद्दल कुणीच नाही. आमच्याकडे नणंदेच्या हौसेपायी हा प्रकार झाला. 'चुलीपासून सुटका' म्हणे. रात्री काजू भिजत घाला, सकाळी नारळ खवा, दूध काढा, अळशी वाटा, कोल्हापुरी मिरची नको खोला गावचीच हवी म्हणून शोधा. जवसाच्या 'चकल्या' सुकवायला डिहायड्रेटर आणला. जूनमध्ये गोव्यात काय सुकतं? ते यंत्र रात्रभर घुमत राहायचं आणि पहाटे वीज गेली की सगळं पुन्हा मऊ. घरच्या बाकीच्यांचा डाळ-भात वेगळा शिजवायचा होताच. त्यापेक्षा कुकर परवडला.

तवशी

हे पटलं. माझ्याकडे डिहायड्रेटर नाही, मिक्सरही क्वचित लागतो. माझी सकाळची न्याहारी म्हणजे मोयऱ्याचं एक केळं आणि नारळाची कातळी. याला कुणाची सून राबत नाही.

माजी मास्तर (साखळी)

हा प्रयोग नवा नव्हे. १९२९ साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, 'यंग इंडिया'त त्यावर लिहिलं, आणि प्रकृती साथ देईना तेव्हा सोडूनही दिला. दुसरं, रिचर्ड रॅंगम या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की अन्न शिजवायला लागल्यामुळेच माणसाच्या पूर्वजांचं आतडं आखूड झालं आणि मेंदू वाढला. सगळ्यांना ते मान्य नाही, पण कच्च्या अन्नातून शरीराला शिजवलेल्यापेक्षा कमी ऊर्जा हाती लागते, यात फारसा वाद नाही. वजन उतरतं ते त्यामुळे. तवशीबाई, तुमचं उतरलं असेल, त्यात चमत्कार नाही.

तवशी

चमत्कार म्हटलंय कोणी, मास्तर? शिवाय गांधीजींच्या वेळी बी-१२ चा शोधच लागला नव्हता.

लॅबवाली

मास्तरांना थोडी पुस्ती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका पाहणीत दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या, ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी चुकत होती किंवा थांबली होती. नव्वद टक्क्यांवर कच्चं खाणाऱ्यांत प्रमाण जास्त. तवशीताई, 'बहुतांश' म्हणजे किती, ते जरा बघा.

मोड आलेल्या कडधान्याचं तर मला पावसाळ्यात भयच वाटतं. ओल आणि ऊब, जंतूंना आणखी काय हवं? मुगागाठींसाठी मोड काढून आपण ते उकळतो, तिथे प्रश्न मिटतो. कच्चे खायचे तर जोखीम आहे. तेरं (रानअळू), अळू, सुरण यांचं तर बोलूच नका, त्यातल्या कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुया घसा धरतात. पावसातल्या निम्म्या गावठी भाज्या शिजवल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत.

तवशी

पाळीचं गंभीर आहे, ते मी उडवून लावत नाही. डॉक्टरांकडे दर वर्षी तपासते. मोडाबद्दलही खरं आहे, पावसात मी मोड खात नाही. पण उकडे तांदूळ यांना एक विचारते. श्रावणातलं ताट तुम्ही व्हीगन म्हणून पुढे केलंत. नैवेद्याच्या भातावरचं तूप, खिरीतलं दूध, शेवटचं ताक मोजलंत का?

उकडे तांदूळ

मोजलं. तूप जाईल, ताकाच्या जागी सोलकढी येईल, खीर नारळाच्या रसात होईल, निम्म्या घरांत तशीच होते. चार गोष्टी बदलल्या की ताट उभं राहतं. तुमच्या ताटातून मात्र चारच गोष्टी शिल्लक राहतात, आणि त्याही मोसम असेल तर.

मापशेची सून

तूप सोडायचं ते आमच्या सासूबाईंना तुम्ही येऊन सांगा. तवशीताई, त्या करमात बिमलं नसतील तर लिंबू चालेल का?

तवशी

चालेल. पण शेवटी पिळा आणि मीठ बेतानं.