गनिमी लढा स्वतःच्या बळावर जिंकतो का?

रानवाट
छापामार लढ्यांबद्दल वाचताना मन छाप्यावरच रमतं: अंधार, खिंड, मूठभर माणसं, उधळलेली मोठी फौज. मीही वर्षानुवर्षं असंच वाचत आलो. आता मत बदललंय, म्हणून इथे मांडतो. गनिमी लढ्याने शत्रू जेरीस येतो, पण हरत नाही. त्याला हरवायला पाठीशी सुरक्षित हद्द लागते आणि शेवटी समोरासमोर उभी ठाकणारी फौज लागते.

‘गेरिला’ हा शब्दच घ्या. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ छोटं युद्ध. १८०८ पासून स्पेनमधल्या टोळ्यांनी नेपोलियनच्या सैन्याला इतकं छळलं की साधं टपाल न्यायलाही घोडदळाचा पहारा द्यावा लागे. तरी फ्रेंचांचं तिथलं राज्य मोडलं ते ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेने १८१३ मध्ये व्हिटोरियाला त्यांचा पराभव केल्यावर.

व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू तर याहून स्पष्ट. तिथे रसद सायकलींवरून गेली. हँडलला बांबू बांधून ते लांब करायचं, सीटमागे दुसरा बांबू उभा खोचायचा, दोनशे किलोंहून जास्त ओझं लादायचं आणि शेजारून चालत सायकल ढकलायची. तोफा माणसांनी दोरखंडांनी ओढत डोंगरावर चढवल्या. जानेवारी १९५४ मध्ये हल्ल्याची तयारी झालेली असताना व्हिएतनामी सेनापती जनरल ग्याप यांनी तो रद्द केला, तोफा मागे घेतल्या आणि १३ मार्चपर्यंत दम धरला. ७ मे रोजी फ्रेंच तळ पडला. याला छापा कसं म्हणायचं? हा रीतसर वेढा होता. आणि १०५ मिमीच्या तोफा आल्या चीनकडून. १९५० मध्ये सरहद्द मोकळी झाली नसती तर त्या पोचल्याच नसत्या.

ग्रीसमध्ये नेमकं उलट झालं. तिथल्या कम्युनिस्ट छापामारांना शेजारच्या युगोस्लाव्हियाचा आधार होता. जुलै १९४९ मध्ये तिथले नेते टिटो यांनी सरहद्द बंद केली, ऑगस्टअखेर ग्रामोसचा डोंगर हातचा गेला आणि कम्युनिस्टांचा लढा आटोपला.

पायवाट
पूर्ण असहमत. ग्रीसचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ग्रीक छापामारांचे सेनापती मार्कोस वाफियादिस छापामार पद्धत सोडायला तयार नव्हते. कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाखारियादिस यांनी त्यांना बाजूला सारलं आणि डोंगरातल्या लढवय्यांना नियमित सैन्यासारखं ठाण मांडून लढायला लावलं. समोर अमेरिकेची मदत मिळालेलं सरकारी सैन्य, विमानं. म्हणजे तुम्ही जी ‘शेवटची पायरी’ म्हणताय, ती अवेळी चढल्यामुळेच ते संपले. टिटोंनी दार लावलं हे खरं, पण घर आधीच पेटलं होतं.

आता फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया. फ्रेंचांनी १९५७ मध्ये ट्युनिशियाच्या हद्दीवर विजेचं कुंपण उभारलं, सुरुंग पेरले. ट्युनिशियातली बंडखोरांची फौज बाहेरच अडकली. १९५९ च्या मोहिमेत आतल्या तुकड्यांचं कंबरडं मोडलं. तुमच्या हिशेबाने लढा संपायला हवा. पण डिसेंबर १९६० मध्ये अल्जीयर्सच्या रस्त्यांवर माणसांचा पूर आला आणि १९६२ मध्ये फ्रान्सला निघावं लागलं. सरहद्द बंद, मैदानी विजय शून्य, तरी स्वातंत्र्य मिळालं.

मोडीवाचक
संताजी-धनाजींचं काय? औरंगजेब १६८१ मध्ये उत्तरेतून निघाला आणि १७०७ मध्ये दक्षिणेतच मेला. एवढी अवाढव्य बादशाही फौज, पण तिची रसद आणि खजिना कधीच सुखरूप नव्हता. मैदानात एकच निर्णायक लढाई झाली असती तर मराठे टिकले नसते. ती होऊ दिली नाही, हाच तर कावा.

रानवाट
@मोडीवाचक, मान्य. पण छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते आणि मुघल वेढा १६९० पासून जवळपास आठ वर्षं तिथेच अडकला होता. किल्ला ही सुद्धा सुरक्षित जागाच. ती नसती तर संताजी परत फिरले असते कुठे?

@पायवाट, अल्जीरियाने मला खरंच अडवलं आहे. विचार करतो.

किनारा
क्यूबा कुणीच कसं काढलं नाही? डिसेंबर १९५६ मध्ये ग्रान्मा बोटीतून फिदेल कास्त्रोंसह ८२ जण दलदलीत उतरले, तीन दिवसांत लष्कराने गाठलं, वीसेक उरले. १ जानेवारी १९५९ ला हुकूमशहा बातिस्ता पळाला. ते बेट आहे हो! कुठली शेजारची हद्द?

रानवाट
हद्द नव्हती, पण शहर होतं. सँटियागोतल्या भूमिगत संघटनेचे फ्रँक पाईस यांनी मार्च १९५७ मध्ये सिएरा माएस्त्राच्या डोंगरात माणसं आणि शस्त्रं धाडली. ते नसते तर ती वीस माणसं वीसच राहिली असती. शिवाय मार्च १९५८ मध्ये अमेरिकेने बातिस्ताची शस्त्रं थांबवली.

आणि तीच रीत घेऊन क्यूबाच्या लढ्यातले चे गेव्हारा बोलिव्हियात गेले तेव्हा काय झालं? पन्नासेक माणसं. रानात बसून क्वेचुआ शिकत होती, आणि त्या भागातले लोक ग्वारानी बोलणारे. १९५३ च्या सुधारणेत बोलिव्हियात जमीनवाटप सुरू झालेलं, त्यामुळे ‘जमिनीसाठी उठा’ या हाकेला धार उरली नव्हती. शेतकरी सामील झाले नाहीत. ९ ऑक्टोबर १९६७ ला ला इग्वेरा गावात चे यांना पकडलेल्या अवस्थेत गोळ्या घातल्या.

ओसरी
सगळे लढवय्यांबद्दल बोलताय. ज्यांच्या अंगणातून ही माणसं रात्री जातात त्यांच्याबद्दल कोणी बोलणार आहे का?

मलायात ब्रिटिशांनी बंडखोरांचं अन्न तोडायला जंगलाकडेच्या सुमारे पाच लाख लोकांना काटेरी तारांच्या ‘नव्या गावांत’ नेऊन ठेवलं. त्याआधी, १९०० ते १९०२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर (डच वंशाच्या) छापामारांना नमवायला त्यांची शेतं जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. त्या छावण्यांत वीस हजारांहून जास्त जीव गेले. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथलेही हजारो मेले आणि त्यांची नीट मोजदादही झाली नाही. दिवसा सैनिक विचारतो ‘रात्री कोण आलं होतं’, रात्री बंडखोर विचारतो ‘दिवसा काय सांगितलंस’. हरणं-जिंकणं ठरवताना हा हिशेब कुठल्या रकान्यात घालता?

पायवाट
@ओसरी, म्हणूनच मला गिनी-बिसाऊच्या पोर्तुगालविरुद्धच्या लढ्याचे नेते आमिलकार काब्राल महत्त्वाचे वाटतात. तो सपाट, दलदलीचा देश. दडायला डोंगर नाहीत. आमची माणसं हेच आमचे डोंगर, असं ते म्हणत. शेतीतज्ज्ञ होते, शेतीच्या पाहणीसाठी आधीच गावोगाव फिरलेले. लढा सुरू झाल्यावर काही सेनानी गावकऱ्यांवर जुलूम करू लागले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाकाला बैठक घेऊन काब्रालनी आपल्याच त्या माणसांना शिक्षा केल्या. मग मुक्त भागात दुकानं काढली: भात द्या, कापड-मीठ न्या. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचा खून झाला, तरी सप्टेंबरात स्वातंत्र्य जाहीर झालं.

रानवाट
खून झाला तो कोनाक्रीत, शेजारच्या स्वतंत्र गिनीत, जिथे त्यांचा तळ होता. म्हणजे हद्द होतीच. पण ‘नियमित फौज लागतेच’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. अल्जीरियासमोर ते टिकत नाही. हद्दीचा मुद्दा सोडत नाही.

ओसरी
हद्द असो वा नसो, कासाकासारखी बैठक किती लढ्यांनी घेतली ते सांगा. माझ्या माहितीत फार थोड्यांनी.