लाँग-ईझी (घरी बांधायचं छोटं विमान): स्ट्रेकमधल्या, म्हणजे पंखाच्या मुळाशी पुढे आलेल्या भागातल्या, इंधनाच्या टाकीचं झाकण बसवण्याआधी काय तपासावं?

कॅनार्डवेडा:
नमस्कार मंडळी. डाव्या स्ट्रेकची टाकी झाकणापर्यंत आली आहे. पीव्हीसी फोम, आतून एपॉक्सीत काचेच्या कापडाचे दोन थर. पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं वापरायचा विचार आहे. झाकण चिकटवल्यावर आत स्लॉशिंग सीलर (टाकीत ओतून हलवत सगळीकडे पसरवायचा गळतीरोधक द्रव) फिरवू का? आणि गळती तपासताना हवेचा दाब किती ठेवू?

रेझिनवाला:
सीलर नकोच. इथेनॉलने त्याचे पापुद्रे सुटतात आणि गाळणीवर जाऊन बसतात. बंद टाकीतून ते खरवडून काढणार कसे? गळती आत्ताच अडवा. टॉर्च तिरका धरून इंच न् इंच बघा. वीण कोरडी, पांढरट दिसली की तिथे रेझिन कमी पडलंय. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, धूळ पुसा, रेझिनचा हात द्या. कोपऱ्यात फ्लॉक्सची (बारीक कापसाचे तंतू मिसळलेल्या एपॉक्सीची) गोलाई, वर काचेची पट्टी.

इथेनॉलचं म्हणाल तर, त्याच रेझिनचा पक्का झालेला तुकडा त्याच पेट्रोलमध्ये महिनाभर बुडवून ठेवा, आधी-नंतर वजन करा. वजन वाढलं किंवा नख रुतलं, तर ते रेझिन आणि ते पेट्रोल एकत्र नांदणार नाहीत. व्हिनिल एस्टर हे दुसरं रेझिन जास्त टिकतं, पण त्यातलं स्टायरीन पंखातला निळा फोम विरघळवतं. तिथे त्याचा थेंबही नको.

हवाबंद:
दाबाचं सांगतो. कॉम्प्रेसर थेट जोडू नका. टाकीला जोडलेली पारदर्शक नळी यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा, सायकलच्या पंपाने हळूहळू हवा द्या. दोन पातळ्यांत ३० सेंमी फरक पुरे. एवढ्यानेही दर चौरस मीटरला ३०० किलोचा जोर येतो. टाकीतली हवा १ अंशाने तापली तरी हा फरक साधारण साडेतीन सेंमीने वाढतो, म्हणून उन्हात चाचणी करू नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. पातळी उतरली तर सांध्यांना साबणाचं पाणी लावा.

कॅनार्डवेडा:
बुडबुडा दिसला, की तिथेच भोक समजायचं?

हवाबंद:
नाही, हीच तर मेख आहे. हवा फोम आणि काचेच्या मधून वाट काढत भलतीकडेच बाहेर पडते. झाकणाच्या सांध्यात बारीक छिद्र असेल तर टाकीतली हवा थोडी खेचून त्याच नळीवर १० सेंमी उलटी ओढ द्या आणि बाहेरून पातळ एपॉक्सी लावा, ते आत खेचलं जातं. घट्ट व्हायला लागण्याआधी ओढ सोडा, नाहीतर सगळं आत ठिबकेल. टाकीत एकदा पेट्रोल गेलेलं असेल तर मात्र हे करू नका, तिथे एपॉक्सी धरत नाही.